खिल्लारे बाई आणि कोळशाचा बोअर

"मी कौसल्या खिल्लारे. परभणीहून आले. खिल्लारे."

आडनाव त्या दोनदा सांगायच्या. पहिल्यांदा ओळख म्हणून, आणि दुसऱ्यांदा समोरच्याला नीट ऐकू गेलं की नाही याची खात्री म्हणून. शाळेच्या दारात उभं राहून त्यांनी मलाही तसंच सांगितलं होतं. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, "आडनाव दोनदा कशाला सांगता हो?"

"आधी कळलेलं बरं असतं," त्या म्हणाल्या. "मागून कळलं की लोकांची लय पंचाईत होते. चहा देऊन बसलेले असतात. परत कसा मागणार?"

आणि स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली होती, ते दिवस होते ते. जिंतूर तालुक्यातल्या त्या लहानशा गावात मी शाळेवर शिक्षिका होते. यजमान मानवतला अडतीवर कामाला, त्यामुळे आठवडाभर शाळेमागच्या दोन खोल्यांत मी एकटीच असायची. आमचं घर लिंगायतांचं. पूजेचं, शिवाशिवीचं मला लहानपणापासून भरपूर शिकवलेलं. तरी त्या बाई पहिल्यांदा मुक्कामाला राहिल्या, तेव्हा घरमालकाला काय सांगायचं याचा विचार मी केला नाही. त्यांच्या वागण्यातच असं काही होतं की तो विचार सुचला नाही.

बाई परभणीच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अधिकारी होत्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, अंगानं सडसडीत. सुती साडी चार बोटं वर खोचलेली, आणि खाली पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घातलेली बाई आमच्या गावानं त्याआधी बघितलेली नव्हती. पोरं मागे लागायची. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात नमुन्याच्या काचेच्या बाटल्या, आणि बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून प्रत्येकीला नवऱ्याचा जुना पायमोजा घातलेला. एसटीत कंडक्टर म्हणायचा, "बाई, पिशवी वर टाका." बाई ती मांडीवरून हलवायच्या नाहीत.

बोलायच्या कमी. पण "भिजवून बघू" हे दोन शब्द तोंडात कायम. माती आणून दाखवली, की भिजवून बघू. नवं बियाणं आलं, की भिजवून बघू. माझ्या नणंदेला स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, असं मी कौतुकानं सांगत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "आधी भिजवून बघा."

त्या आमच्या गावाला आल्या त्या एका बोअरमुळे.

झालं होतं असं. कोळसा शोधणारे लोक मोठं यंत्र घेऊन गावात आले होते. काळ्या पाषाणाच्या खाली, खूप खोल, कोळसा आहे का ते त्यांना बघायचं होतं. बापूरावांच्या वावराच्या कडेला त्यांनी भोक पाडलं. उन्हाळाभर यंत्र धडधडत राहिलं. कोळसा काही त्यांच्या उपयोगाचा निघाला नाही. यंत्र उचलून ते निघून गेले आणि लोखंडी पाइप तेवढा मागे राहिला. त्या पाइपातून कोमट पाणी आपोआप वर यायला लागलं. ना मोट, ना मोटार. पाण्यातून बुडबुडे यायचे, आणि पोरांनी काडी पेटवून जवळ धरली तर भप्पकन निळसर जाळ व्हायचा. लोकांनी पाइपाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडले. बापूरावांनी चर खणून पाणी सरळ आपल्या काळ्या वावरात घेतलं. तेवढ्या पाण्यावर त्यांनी गहू केला आणि तो असा आला, की लोक जिंतूरच्या बाजाराला जाता जाता वाट वाकडी करून बघायला यायचे.

ग्रामसेवकानं त्या पाण्याची बाटली भरून परभणीला पाठवली. गावाला वाटलं, आता पाणी उत्तम असल्याचा कागद येईल. कागद आला नाही. बाईच आल्या.

त्या बोअरकडे गेल्याच नाहीत आधी. मला म्हणाल्या, "ज्या घरात हे पाणी वापरतात तिथल्या बाईकडे न्या." मी त्यांना बापूरावांच्या अंगणात घेऊन गेले. बापूरावांची बायको गंगाबाई ओट्यावर धान्य पाखडत होती. बाईंनी आपलं नाव सांगितलं, आडनाव दोनदा सांगितलं, आणि अंगणातल्या दगडावर बसल्या.

"गंगाबाई, ह्या पाण्यात डाळ कशी शिजते?"

"लय लवकर. चुलीवर ठिवली की गाळ."

"साबणाला फेस येतो?"

"येतो म्हंजी? जाता जात न्हाई. कापडं बुळबुळ लागतेत हाताला."

"अन् भात?"

"पिवळा पडतो जरासा. पर चवीला वाईट न्हाई."

प्रत्येक उत्तरावर बाई मान हलवत होत्या. डॉक्टर जसा रोग्याचं ऐकताना हलवतो तशी. गंगाबाई खुशीत आली होती. आपल्या पाण्याचं एवढं कुणी विचारलं नव्हतं तिला. तिनं चहा केला. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून एक कानतुटका कप काढला, विसळला आणि त्यात ओतून आणला. बाईंनी कपाकडे बघितलं. "उन्हात मी चहा घेत नाही," असं म्हणाल्या आणि उठल्या. नंतर त्याच उन्हात माझ्या खोलीवर येऊन त्यांनी दोन कप भरून चहा घेतला.

संध्याकाळी बोअरजवळ चारचौघं जमले. बाई बापूरावांना म्हणाल्या, "पाणी धुण्याला चालेल. जनावरं पितील, काही होणार नाही. पण काळ्या वावराला देऊ नका."

"कामून?" बापूराव म्हणाले.

"ह्यात सोडा आहे. सोड्यानं डाळ विरघळते तशी काळी माती विरघळते. विरघळलेला गाळ खाली जातो अन् मातीची सगळी भोकं बुजवून टाकतो. मग ना पाणी आत जाईल, ना वारा."

बापूरावांनी गव्हाकडे हात केला. "गंगा आपल्या पायानं आली घरी, अन् तुमी म्हणता वावरात घेऊ नका. गहू कसा डोलायलाय बघा तिकडं."

"यंदा डोलेल," बाई म्हणाल्या.

मागून कुणीतरी बोललं, "त्यायच्या लोकायला न्हाई ना हे पाणी. म्हून आपल्यालाबी नको."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंनाही गेलं. त्यांनी हातातल्या बाटलीचं बूच घट्ट केलं, तिच्यावर पायमोजा चढवला, आणि बापूरावांना शांतपणे म्हणाल्या, "वावरातल्या मातीचाही एक नमुना नेते. पुढे लागेल."

ती माती लागायची वेळ पुढे खरंच आली. दुसऱ्या वर्षी वावर चमकायला लागलं. पाणी दिलं की वर साय धरल्यासारखा थर यायचा, आणि वाळलं की खळ्यासारखं टणक. तिसऱ्या वर्षी नांगराला ढेकळं न येता फरशीसारखे तुकडे यायला लागले. हरभरा पेरला तो खालीच कुजला. अशा जमिनीला आमच्याकडे चोपण म्हणतात. तो शब्द बापूराव तोंडातून काढेनात. गावात कुणी विचारलं तर "बियाणं खराब निघालं" म्हणायचे.

एके दिवशी शाळा सुटल्यावर गंगाबाई माझ्याकडे आली. दाराबाहेरच उभी राहिली. "मास्तरीणबाई, त्या परभणीच्या बाईला निरोप देता का? आमच्या घरात सांगू नका मी म्हणले म्हून."

बाई रविवारी आल्या. सुटीचा दिवस, स्वतःच्या खर्चानं. तडक वावरात गेल्या. चिखलात बूट रुतला तो काढत बसल्या नाहीत. दुसरा काढून बांधावर ठेवला आणि अनवाणी गेल्या. बापूराव लांब चिंचेखाली उभे होते. पुढे आले नाहीत.

मग बाईंनी माझ्याकडे तेलाचे दोन रिकामे डबे मागितले. दोन्हींच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, दोन्हींत बांधापलीकडची चांगली काळी माती भरली, आणि शाळेच्या ओट्याला टेकून दगडांवर ठेवले. एकात नदीचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. सकाळ-संध्याकाळ तेवढं पाणी घालायचं काम त्यांनी मला दिलं आणि पुढच्या रविवारी परत आल्या. तोवर गावाला कुणकुण लागली होती. शाळेचं अंगण भरलं. नदीच्या पाण्याच्या डब्याखाली टपटप थेंब पडत होते. दुसऱ्या डब्यात वर पाणी तसंच साचून राहिलेलं, त्यात लिंबाच्या फांद्या दिसत होत्या, आणि खाली दगड कोरडा ठणठणीत.

बापूराव गर्दीतून वाट काढत पुढे आले. त्यांनी डबा तिरपा केला, पाणी ओतून टाकलं, आणि आतल्या मातीवरून बोट फिरवलं. बोट लोण्यातून फिरावं तसं फिरलं.

"माझ्या वावराचं हेच झालंय," ते म्हणाले.

"हां," बाई म्हणाल्या.

बस, एवढंच. मी जेवताना त्यांना विचारलं, "मी आधीच सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाला नाहीत?"

"ते ऐकून माती बरी होणार होती का?" त्यांनी ठेच्याला भाकरी लावत विचारलं.

खरी अडचण पुढेच होती. पाणी वावराला द्यायचं नाही हे ठरलं, पण ते वाहायचं थांबतं थोडंच? बापूरावांच्या भावकीनं सोपा मार्ग काढला. चर बुजवायचा आणि पाणी नाल्यात सोडून द्यायचं. नाला खाली गायरानातून जात होता. त्या गायरानावर दलित वस्तीतल्या काही घरांनी कष्टानं तुकडे वहितीला आणले होते. दगड वेचून, बांध घालून. बाईंना हे कळलं तशा त्या आल्या. मारुतीच्या पारावर बैठक चालू होती. बाई पारावर चढल्या नाहीत, खालीच उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी होते.

"नाल्यात सोडता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"ती मुरमाड जमीन हाय," एकजण म्हणाला. "तिला काय होतंय?"

"वरची मुरमाड आहे. तिथून निचरा होईल. खालच्या अंगाला काळी आहे. मी गिरमिटानं खालपर्यंतची माती काढून बघून आले."

तेव्हा बापूरावांचा चुलतभाऊ उठला. "शेवटी तुमी आपल्या लोकायचंच बघितलं ना बाई."

मला वाटलं, आता बाई निघून जातील. मी गेले असते. त्या मात्र त्याच्याकडेच बघत राहिल्या, आवाज जराही न चढवता.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "तुमचंही बघितलं. आधी तुमचं बघितलं. हे पाणी तुमच्या मातीला लागलं, आता त्यांच्या मातीला लागेल. दोन्ही सारख्याच मरतात. मातीची जात मी रोज तपासते. काळी, तांबडी, मुरमाड, चोपण. ह्यापेक्षा वेगळी अजून एकही सापडली नाही."

मग बापूरावच म्हणाले, "मंग करायचं काय?"

"पाइप बंद करायचा. अन् लागेल तेवढाच उघडायचा."

तो पाइप बंद करणं आमच्या भागातल्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं. खालून पाण्याचा जोर असा, की लाकडी गुट्टा मारला तर उडून जायचा. ज्यांनी बोअर पाडला त्यांच्याकडे बाईंनी खेटे घातले. कुणी दाद दिली नाही. शेवटी त्यांनी नवऱ्याला कामाला लावलं. मारोतराव पूर्णेला रेल्वेत फिटर होते. इंजिनातली वाफ कोंडून धरणाऱ्या माणसाला पाणी कोंडणं काय अवघड? मोडीतल्या सामानातून त्यांनी एक जाड चक्राचा कॉक तयार केला आणि दोन सोबती घेऊन गावात आले. अतिशय अबोल माणूस. बाई सूचना देत होत्या आणि ते "हं, हं" करत आपल्याला हवं तेच करत होते. एकदा न राहवून म्हणाले, "कौसल्या, माती तुझी. लोखंड माझं." बाई गप्प बसल्या. त्यांना गप्प बसवलेलं मी तेवढंच एकदा बघितलं.

चक्र फिरवत आणलं तशी पाण्याची धार बारीक झाली, शिट्टीसारखा आवाज निघाला, आणि थांबली. इतकी वर्षं तो खळखळाट कानांत बसलेला. सगळं गाव अचानक शांत वाटलं. गंगाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. गंगा गेली म्हणून, की वावर वाचलं म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक.

बाईंनी चक्र कॉकवरून काढता येईल असं करून घेतलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे शाळेत राहील. उघडायचं असेल तेव्हा वरच्या आळीचा एक अन् खालच्या वस्तीचा एक, दोघांनी मिळून यायचं. एकटा आला तर द्यायचं नाही." मी ते फळ्यामागच्या खुंटीला टांगून ठेवलं. पहिले काही महिने दोघं येत तेव्हा एकमेकांशी बोलत नसत. चक्राला दोघांचे हात लागत, तोंडं दोन दिशांना. पुढे पुढे बोलायला लागले. काय बोलायचे? पाण्याबद्दलच. पाणी जनावरांच्या हौदाला, धुण्याच्या दगडांना, आणि नाल्याच्या पाण्यात थोडं थोडं मिसळून वरच्या मुरमाड पट्ट्याला. खालच्या काळ्या जमिनीला एक थेंब नाही.

बापूरावांचं वावर बरं व्हायला मात्र वर्षं गेली. बाईंनी जिप्सम टाकायला लावलं. पांढरी भुकटी गाड्या भरभरून आणून बापूरावांनी वावरात पसरली, चर खोदले, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर मातीतला सोडा धुऊन जावा. हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून तो उभाच्या उभा गाडला. लोक बापूरावांना हसायचे, उभं हिरवं पीक मातीत घालतो म्हणून. बापूराव म्हणायचे, "बाईनं सांगितलंय." मग हसणारा गप्प बसायचा. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी कडेकडेनं गवत आलं. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात बाईंनी वावरातलं ढेकूळ उचललं, मुठीत नुसतं धरलं, आणि ते आपोआप फुटून बोटांतून खाली गळलं. बाईंनी दुसरं उचललं. तेही फुटलं.

बांधावर बसून त्या बराच वेळ हात झटकत राहिल्या. मग माझ्याशी, पण माझ्याकडे न बघता, बोलायला लागल्या.

"नामांतराच्या दंगलीत माझ्या भावाचं घर जाळलं. गंजीसकट. त्याची राख पलीकडच्या वावरात उडून पडली. पुढच्या साली तिथं पीक लय जोरात आलं. राखेनं येतंच. भाऊ मला विचारायचा, ताई, तू तर मातीतली शिकलेली, यंदा हे असं कसं आलं सांग. मला माहीत होतं. सांगवलं नाही."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "चला, नमुना घ्यायचा राहिला."

इतक्या वर्षांत हे एकदाच त्या बोलल्या. आणि ज्या पारावरून त्यांना तसं ऐकवलं गेलं होतं, तिथल्याच माणसाचं वावर त्यांनी सुटीचे दिवस घालवून जिवंत केलं. अशी बाई माझ्या खोलीत राहिली, माझ्या ताटाला ताट लावून जेवली, याचा मला अजून अभिमान वाटतो. माझ्या नातींना मी तो मुद्दाम बोलून दाखवते.

त्यांना शेवटचं बघितलं ते चौऱ्याण्णवच्या जानेवारीत. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय नुकताच झाला होता. रस्त्यावर एसट्या कमी होत्या, लोक दबकून बोलत होते. अशा दिवसांत त्या येणार नाहीत असंच मला वाटत होतं. पण बापूरावांच्या वावरात ज्वारी हुरड्यावर आली होती आणि उभ्या पिकातला नमुना घ्यायची हीच वेळ होती. त्यानंतर त्यांची बदली लांब होणार होती. त्या आल्या.

गंगाबाईनं बांधाजवळ आगटी पेटवली होती. तिनं कणसं भाजली, तळहातावर चोळून हुरडा काढला आणि आपल्या ओंजळीतला बाईंच्या ओंजळीत ओतला. बापूराव आता थकले होते. काठी टेकून बसले होते. जरा वेळ चाचपडून म्हणाले, "बाई, तुमच्या विद्यापीठाचं नाव बदललं म्हणे."

"बदललं नाही, बापूराव," बाई हुरडा चावत म्हणाल्या. "वाढलं."

बापूरावांनी मान डोलावली. "वाढलं तर बरंच हाय. वाढलेलं चांगलंच."

मग बाईंनी पिशवी खांद्याला लावली, गिरमिट हातात घेतलं आणि ज्वारीत शिरल्या. म्हणाल्या, "मधून जाते, तिकडून सडकेला निघते. एसटी गाठायची आहे." दोन पावलांत दिसेनाशा झाल्या, पुरुषभर उंच ज्वारी होती ती. आम्ही तिघं बांधावर उभे राहून बघत होतो. बाई दिसत नव्हत्या, पण कणसं हलत होती, त्यावरून कळत होतं कुठवर गेल्या ते. मध्येच हलायची थांबली. तिथं त्या वाकून नमुना घेत असणार. मग पुन्हा हलायला लागली, सडकेच्या दिशेनं, सरळ रेषेत, वावराच्या त्या टोकापर्यंत.